माहीममध्ये नवी बिल्डिंग उभी राहते, मग पावसाचं पाणी शेजारच्या चाळीत का शिरतं?

माहीम, दादर, परळ, लालबाग. या पट्ट्यात कुठल्याही गल्लीत शिरा, एक तरी जुनी चाळ पडलेली आणि तिच्या जागी टॉवर चढताना दिसतो. काम पूर्ण होतं, वास्तुशांत होते, लोक राहायला येतात. मग जून उजाडतो आणि पहिल्या मोठ्या पावसात दोन तक्रारी एकदमच कानावर येतात.

नव्या बिल्डिंगमधले म्हणतात, "एवढे पैसे मोजले आणि पार्किंगमध्ये पाणी." शेजारच्या चाळीतले तळमजल्यावरचे म्हणतात, "पन्नास वर्षं इथे राहतोय, घरात कधी पाणी आलं नव्हतं. हा टॉवर झाला आणि यायला लागलं."

दोघंही खरं बोलत असतात. आणि दोघांच्या तक्रारीचं मूळ एकच असतं: नव्या घराच्या आराखड्यात किचनच्या टाइल्सपासून लिफ्टच्या आरशापर्यंत सगळ्यावर चर्चा होते, पण प्लॉटवर पडणारं पाणी कुठून कुठे जाणार हा प्रश्न बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही.

तो प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर कसं तपासायचं, ते आता समजून घेऊ.

आधी हिशेब: एका प्लॉटवर पाणी पडतं तरी किती?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमा होतं.

आता ५०० चौरस मीटरचा प्लॉट धरा. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या प्लॉटवर २५,००० लिटर पाणी पडतं. म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर, एका तासात. मुंबईच्या पावसाळ्यात असा तास येतोच. जून ते सप्टेंबर मिळून मुंबईत साधारण २००० ते २३०० मिलिमीटर पाऊस पडतो.

हे पाणी आधीही पडत होतंच की, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण जुन्या चाळीची कौलं असायची, पागोळ्या मातीच्या अंगणात पडायच्या, मागे चार झाडं असायची, एखादी विहीर असायची. पडलेल्या पाण्यातलं बरंचसं जमिनीत मुरायचं, उरलेलं रमतगमत गटारापर्यंत जायचं.

आता त्याच जागेवर कुंपणाच्या भिंतीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत काँक्रीट, पोडियम आणि पेव्हर ब्लॉक आहेत. मुरायला जागा नाही. पडेल तेवढं सगळं पाणी काही मिनिटांत एकाच दिशेला धावतं. पाऊस तेवढाच, प्लॉट तेवढाच, बदलला तो पाण्याचा वेग आणि रस्त्यावर येणाऱ्या पाण्याचं प्रमाण.

इंग्रजांच्या गटारांनी काय गृहीत धरलं होतं?

मुंबई शहर भागातल्या पावसाळी पाण्याच्या जुन्या वाहिन्यांना शंभरहून अधिक वर्षं झाली आहेत. त्या बांधताना दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. एक, तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि तोही ओहोटीच्या वेळी. दोन, पडलेल्या पाण्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल आणि निम्मंच गटारात येईल.

पहिल्या मुद्द्यावर खूप चर्चा होते, दुसऱ्यावर फारशी होत नाही. खरं तर आपल्या घराशी थेट संबंध असलेला मुद्दा दुसराच आहे. गटारं निम्म्या पाण्यासाठी बांधली होती, कारण उरलेलं निम्मं सांभाळायचं काम अंगणं करत होती. आपण अंगणं बंद केली आणि त्यांचं काम गटारांच्या गळ्यात घातलं.

१९९३ साली 'ब्रिमस्टोवॅड' नावाचा अहवाल आला. मुंबईच्या पावसाळी वाहिन्यांची क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी आणि पाणी मुरेल हे गृहीत धरणं सोडावं, अशी त्याची दिशा होती. पण या कामाला खरा रेटा मिळाला तो २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. त्यात दुपारनंतर मोठी भरती होती. मिठी नदीचं पाणी माहीमच्या खाडीतून समुद्रात जायचं, तर समुद्रच आत येत होता.

माहीमची गोची काय आहे?

माहीम हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. एका बाजूला माहीमचा उपसागर, दुसऱ्या बाजूला मिठी नदीची खाडी. बेटांच्या मधल्या दलदली आणि खाजणं भरत भरत आजचं शहर झालं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंग्याकडे आखीव वस्ती वसवायला सुरुवात झाली. आज ज्याला आपण शिवाजी पार्क म्हणतो ते मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नाव बदललं.

मुद्दा हा की इथली जमीन सखल आहे, आणि दोन शेजारच्या प्लॉटखालची जमीनही एकसारखी असेलच असं नाही. किनाऱ्याकडे वाळू, थोडं आत गेलं की भराव, कुठे चिकट खाजणाची माती.

त्यात समुद्राची वेळ सांभाळावी लागते. मुंबईच्या पावसाळी वाहिन्यांची १८६ पातमुखं, म्हणजे समुद्राकडे, खाडीकडे आणि नदीकडे उघडणारी तोंडं आहेत. भरतीची पातळी वाहिनीच्या तोंडापेक्षा वर गेली की पाणी बाहेर जाणं थांबतं. झडप नसेल तर समुद्राचं पाणी उलटं आत येतं, झडप असेल तर ती मिटते आणि आतलं पाणी आत अडकतं. साडेचार मीटरच्या वर भरती असलेल्या दिवसांचं वेळापत्रक महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते, ते याचसाठी.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब कोकणातल्या आणि कोळीवाड्यातल्या जाणत्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या आसपास भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे अकरा-बाराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची भरती मोठी असते, तिला उधाण म्हणतात. उधाण आणि जोरदार पाऊस एकाच वेळी आले की सखल भागातल्या रस्त्यांना पाणी ठेवायला जागा राहत नाही.

यावर उपाय म्हणून महापालिकेनं हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशी सहा मोठी उदंचन केंद्रं उभारली. ती भरतीच्या वेळीही पंपानं पाणी समुद्रात फेकतात. हिंदमाताला तर आणखी वेगळी युक्ती केली. परळचं सेंट झेवियर्स मैदान आणि प्रमोद महाजन कला उद्यान या दोन ठिकाणी जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या. जोरदार पावसाचं पाणी त्यात साठवायचं आणि समुद्र खाली गेला की सोडायचं. टोकियोजवळ कासुकाबे इथे याच कल्पनेवर जमिनीखाली अवाढव्य टाकी आणि बोगदे आहेत.

ही युक्ती लक्षात ठेवा. कारण महापालिकेनं मैदानाखाली जे केलं, तेच छोट्या प्रमाणात प्रत्येक नव्या बिल्डिंगला आपल्या आवारात करता येतं.

तीन शब्दांचा नियम: दूर, वेगळं, हळू

घर बंगला असो वा वीस मजली टॉवर, पावसाच्या पाण्याचं नियोजन तीन शब्दांत बसतं.

पाणी भिंतीपासून दूर गेलं पाहिजे. सांडपाण्यापासून वेगळं राहिलं पाहिजे. आणि रस्त्यावर हळू गेलं पाहिजे.

पहिलं जमलं नाही तर तुमचा पाया आणि तळमजला ओला राहतो. दुसरं जमलं नाही तर संडासातून पाणी वर येतं. तिसरं जमलं नाही तर शेजाऱ्याच्या घरात पाणी जातं. आता एकेक पाहू.

१. दूर: गच्चीपासून कुंपणापर्यंत

सुरुवात गच्चीपासून. गच्चीला ढाळ हवा, साधारण दर शंभर फुटांना एक फूट. ढाळ कागदावर असून उपयोग नाही. ताबा घेण्याआधी गच्चीवर पाणी सोडायला सांगा आणि तासाभरानं बघा. कुठे डबकं राहिलं तर तिथे ढाळ चुकला आहे. गच्ची आणि पॅरापेट भिंत जिथे मिळतात त्या सांध्यात सिमेंटचा गोलसर वाटा केलेला असतो. त्याला भेग असेल तर वरच्या मजल्याच्या छताला ओल येणार हे नक्की.

पाणी खाली नेणारे पाइप दोन तरी हवेत. एकच असेल आणि त्यात प्लॅस्टिकची पिशवी किंवा पिंपळाची पानं अडकली तर गच्चीचं तळं होतं. पाइपाच्या तोंडाला घुमटाकार जाळी हवी, सपाट जाळीवर पान बसलं की ती बंद. आणि पॅरापेटला थोड्या उंचीवर एक जास्तीचं भोक हवं. त्यातून पाणी पडताना दिसलं की समजायचं, मुख्य पाइप तुंबला आहे.

खाली आल्यावर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे बिल्डिंगच्या भोवतालच्या जमिनीचा ढाळ. भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत जमीन साधारण सहा इंच उतरायला हवी. अनेक ठिकाणी उलटं होतं. काम संपता संपता पेव्हर ब्लॉक बसवणारा वेगळा ठेकेदार येतो, तो गेटाची पातळी धरून ब्लॉक लावतो आणि पाणी बिल्डिंगकडे वळतं. एक बादली पाणी ओतून हे पाच मिनिटांत तपासता येतं.

आवाराच्या कडेनं उघडी किंवा जाळीनं झाकलेली नाली हवी. रस्त्यावरच्या वाहिनीला जोडण्याआधी गाळ बसण्यासाठी एक चेंबर हवं. त्याचा तळ पाइपापेक्षा खोल असतो, म्हणजे माती आणि रेती तिथेच बसते आणि पाइप मोकळा राहतो. हे चेंबर कुठे आहे ते सोसायटीत किमान दोघातिघांना माहीत असलं पाहिजे. अनेक सोसायट्यांमध्ये त्याच्यावर पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात आणि मग ते शोधायला पावसात खोदकाम करावं लागतं.

२. वेगळं: पावसाचं पाणी आणि मैलापाणी

मुंबईत जमिनीखाली दोन वेगळी जाळी आहेत. पर्जन्य जलवाहिन्या पावसाचं पाणी समुद्राकडे नेतात. मलवाहिन्या संडास-बाथरूमचं पाणी प्रक्रिया केंद्राकडे नेतात. दोघींचा आकार त्यांच्या कामाप्रमाणे ठरलेला आहे. मलवाहिनी रोजच्या वापराच्या पाण्यासाठी असते, पावसाच्या लोंढ्यासाठी नाही.

काही ठिकाणी शॉर्टकट मारला जातो. गच्चीचा पाइप जवळच्या मैल्याच्या चेंबरला जोडून टाकतात. उन्हाळ्यात काही कळत नाही. जुलैमध्ये मलवाहिनी भरते, पाण्याला पुढे जायला जागा नसते आणि ते सगळ्यात खालच्या तोंडातून वर येतं. सगळ्यात खालचं तोंड म्हणजे तळमजल्यावरचा संडास किंवा मोरी. तुमच्या बिल्डिंगचा तळमजला पार्किंगचा असेल तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. पण त्याच मलवाहिनीवर असलेल्या शेजारच्या चाळीच्या सार्वजनिक संडासात मैला वर येतो.

तपासायचा मार्ग सोपा आहे. कोरड्या दिवशी गच्चीच्या पाइपात थोडं रंगीत पाणी सोडा आणि प्लंबरला चेंबरांची झाकणं उघडून बघायला सांगा. रंग मैल्याच्या चेंबरमध्ये दिसला तर जोडणी चुकली आहे.

सखल भागात आणखी एक वस्तू उपयोगी पडते. पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, प्लंबर तिला एनआरव्ही म्हणतात. बाहेरची वाहिनी भरली की ती मिटते आणि रस्त्यावरचं पाणी आत येत नाही. पण झडप मिटल्यावर तुमच्या आवारातलं पाणीही बाहेर जात नाही, हे विसरू नका. म्हणून झडप लावायची तर आत पाणी थांबायला जागा हवी. तिथून आपण तिसऱ्या मुद्द्यावर येतो.

३. हळू: पाणी थोडा वेळ आपल्याकडे थांबवा

भरती-ओहोटीचं चक्र साधारण साडेबारा तासांचं असतं. म्हणजे समुद्राचं दार कायमचं बंद नसतं, काही तास बंद असतं. तेवढे तास पाणी आपल्या आवारात थांबलं तर रस्त्यावरचा भार कमी होतो.

३०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर १५,००० लिटर पाणी होतं. हे पाणी मावायला तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाकी पुरते. एका छोट्या खोलीएवढी. या टाकीला तळाशी लहान तोंडाचा पाइप ठेवला की ती हळूहळू रिकामी होते आणि पुढच्या सरीसाठी तयार राहते. दिवसभरात २०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्याच गच्चीवर ६०,००० लिटर पाणी येईल आणि टाकी भरून वाहील, हेही खरं. ही टाकी सगळा पाऊस अडवण्यासाठी नसते. सगळ्यात वाईट तासाचं टोक छाटण्यासाठी असते.

मुंबईत नव्या बांधकामांना पावसाचं पाणी साठवणं किंवा मुरवणं १ ऑक्टोबर २००२ पासून सक्तीचं झालं. सुरुवातीला हा नियम १००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटना होता, नंतर लहान प्लॉटही त्यात आले. त्यामुळे तुमच्या नव्या बिल्डिंगमध्ये अशी काहीतरी सोय बहुधा असेलच. प्रश्न एवढाच की ती चालते का? बिल्डरनं दाखल्यापुरता खड्डा केला आणि पुढे त्यावर कुंड्या मांडल्या गेल्या, असं होऊ शकतं.

मुरवायचं की साठवायचं, हे माहीममध्ये जमिनीवर ठरतं. किनाऱ्याजवळ वाळू असेल तर पाणी झपाट्यानं मुरतं. चिकट माती किंवा भराव असेल तर शोषखड्डा काही सरींतच भरतो. शिवाय समुद्राजवळ पावसाळ्यात भूजलाची पातळी बरीच वर येते. मे महिन्यात दहा फूट कोरडा असलेला खड्डा ऑगस्टमध्ये खालूनच भरलेला असू शकतो. म्हणून चाचणी दोनदा करा, एकदा मेमध्ये आणि एकदा जुलैमध्ये. एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा करायचा, पाणी भरायचं आणि तासात किती उतरतं ते बघायचं. जुलैत उतरतच नसेल तर मुरवण्यापेक्षा टाकीवर भर द्या.

पण वाळूची जमीन असेल तर मुरवण्याचा एक मोठा फायदा आहे. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. शास्त्रातला ढोबळ हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट वर असेल तर त्याच्या खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी टिकतं. ही पातळी घटली की खारं पाणी वर सरकतं आणि विहिरी, बोअर मचूळ होतात. आवारात जुनी विहीर असेल तर ती बुजवू नका. गाळून घेतलेलं पावसाचं पाणी तिच्यात सोडा.

साठवलेलं पाणी पिण्यासाठी नाही. फ्लश, गाड्या धुणं, झाडं यासाठी ते उत्तम. मोसमातल्या पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडून द्यायचं, कारण त्यात गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण असते. त्यानंतरचं पाणी गाळणीतून टाकीत. टाकीचं झाकण घट्ट आणि प्रत्येक तोंडाला बारीक जाळी हवी, नाहीतर तिथे डेंग्यू-मलेरियाच्या डासांची पैदास होईल.

उघडी माती हवीच, हे सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय

पाणी हळू जाण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे न झाकलेली जमीन. यावरचा महत्त्वाचा निकाल आपल्याच भागातून आला. दादरला शिवाजी पार्कजवळ कोहिनूर मिलच्या जागेवर झालेल्या बांधकामावरून महापालिका आणि विकासक यांच्यात वाद झाला. प्रश्न असा होता की नियमानुसार सोडायची मनोरंजनाची मोकळी जागा पोडियमवर दाखवली तर चालेल का? डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की किमान ठरवून दिलेली ही जागा जमिनीवरच हवी, पोडियमच्या नावाखाली ती कमी करता येणार नाही.

पुढे मुंबईच्या २०३४ च्या विकास नियमावलीत यात तडजोड झाली. अशा मोकळ्या जागेतला किमान ६० टक्के भाग जमिनीवर आणि त्यातला निम्मा तरी पाणी मुरेल अशा उघड्या मातीवर हवा, उरलेला पोडियमवर चालतो.

तुमचा प्लॉट लहान असेल आणि हा नियम लागू नसेल, तरी झाडांच्या बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी ठेवायला आणि पार्किंगच्या काही भागात मधे गवत उगवेल असे जाळीदार ब्लॉक बसवायला कुणी अडवत नाही.

शेजारच्या चाळीचं काय?

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे येऊ. नवी बिल्डिंग बांधताना जमिनीची पातळी वाढवतात, आणि ते योग्यच आहे. सखल भागात जोतं उंच हवंच. चूक होते ती जोत्याबरोबर सगळं आवार भराव टाकून उंच केलं जातं तेव्हा. मग कुंपणाच्या पलीकडची चाळ खड्ड्यात जाते. त्यात कुंपणाच्या भिंतीला पाणी जाण्यासाठी भोकं ठेवली की सगळा लोंढा थेट चाळीच्या दारात.

कायदा याबद्दल काय म्हणतो? १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा सांगतो की वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहत असेल तर खालच्या मालकानं ते वाहू द्यायचं. यातला महत्त्वाचा शब्द 'नैसर्गिकपणे'. भराव टाकून, पाइप लावून, पाणी एका जागी गोळा करून शेजारी सोडणं हे नैसर्गिक वाहणं नाही.

पण कोर्टात जाण्याची वेळ येण्याआधी खूप काही करता येतं. आणि ते बांधकाम चालू असतानाच करायचं असतं. तुम्ही चाळीत राहत असाल तर काम सुरू होण्याआधी आपल्या दाराच्या उंबरठ्याची, गल्लीची आणि शेजारच्या प्लॉटची पातळी मोजून फोटो काढून ठेवा. तारीख दिसेल असे. नंतर वाद झाला तर हाच पुरावा. लेखी पत्र जी उत्तर विभाग कार्यालयात द्या. माहीम, दादर आणि धारावी याच विभागात येतात.

तुम्ही नव्या बिल्डिंगचे सभासद असाल तर विकास करारनाम्यातच तीन ओळी घालून घ्या: आवाराची पातळी किती असेल, पाणी कुठल्या वाहिनीला जोडलं जाईल आणि शेजारच्या प्लॉटकडे पाणी सोडलं जाणार नाही. ताबा घेताना पर्जन्य जलवाहिनीचं काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि जमिनीखालच्या पाइपांचा प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा मागून घ्या. हा नकाशा लॅमिनेट करून सोसायटीच्या ऑफिसात लावा.

नवा फ्लॅट विकत घेतला असेल तर रेरा कायद्याचं कलम १४ कामाला येतं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा सेवांमध्ये दोष आढळला आणि तो कळवला, तर विकासकानं तो ३० दिवसांत स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो. गळकी गच्ची, उलटा ढाळ, चुकीची जोडणी हे सगळं लेखी कळवा. फोनवर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर आरडाओरडा करून तारीख लागत नाही.

पार्किंग आणि मीटर रूम

माहीमच्या लहान प्लॉटवर आता तळघरातलं किंवा खड्ड्यातलं यांत्रिक पार्किंग सर्रास असतं. पाणी सगळ्यात आधी तिथेच जातं. रॅम्प सुरू होण्याआधी रस्त्याच्या पातळीपेक्षा उंच असा उंचवटा हवा, म्हणजे रस्त्यावरचं पाणी आत घसरत नाही. खड्ड्यात पंप दोन हवेत, एक बिघडला तर दुसरा. आणि पंपाचं स्विचबोर्ड वर हवं. पंप बुडण्याआधी त्याचा बोर्डच बुडाला असेल तर पंपाचा उपयोग शून्य. मीटर रूमलाही तेच लागू. पाणी मीटर रूमकडे चढताना दिसलं तर स्वतः हात न घालता वीज कंपनीला फोन करून पुरवठा बंद करायला सांगा.

एक गोष्ट कधीच करायची नाही

रस्त्यावर पाणी साचलं की कुणीतरी पहार आणतो आणि मॅनहोलचं झाकण काढतो. पाणी भराभर उतरतं, सगळ्यांना बरं वाटतं. २९ ऑगस्ट २०१७ ला प्रभादेवी परिसरात असंच पाणी ओसरावं म्हणून मॅनहोल उघडलं गेलं होतं. पाण्यातून चालत घरी निघालेले मुंबईतले एक नामवंत डॉक्टर त्यात पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीच्या किनाऱ्यावर सापडला.

पाण्याखाली उघडं मॅनहोल दिसत नाही. झाकण काढायचंच असेल तर ते महापालिकेच्या माणसांनी. १९१६ वर फोन करा. झाकण आधीच निघालेलं दिसलं तर तिथे काठी, फांदी, खुर्ची, काहीही उभं करा आणि माणूस थांबवा.

मग नेमकं कधी काय करायचं?

एप्रिलमध्ये गच्ची आणि सगळे पाइप साफ करून घ्या, वाट्याच्या भेगा भरा. मेमध्ये चेंबरमधला गाळ काढा आणि तो काठावर न ठेवता लगेच उचलायला लावा, नाहीतर पहिल्या पावसात तो परत आत जातो. झडप आणि दोन्ही पंप चालवून बघा. उधाणाच्या तारखा सोसायटीच्या फळ्यावर लिहा आणि त्या दिवशी गाळणी, जाळ्या कोण बघणार त्याचं नावही.

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन आवारात एक फेरी मारा. पाणी कुठे थांबतं, कुठल्या दिशेला धावतं आणि कुंपणापलीकडे जातं का, हे त्या दहा मिनिटांत जेवढं कळतं तेवढं कुठल्याही नकाशात कळत नाही. मोबाइलवर व्हिडिओ घ्या, दुरुस्तीच्या वेळी ठेकेदाराला दाखवायला.

साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला जखम असेल तर घरी आल्यावर पाय साबणानं धुवा आणि तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. त्यावर वेळेत घ्यायची औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नाहीत.

आणि फेरी मारताना शेजारच्या चाळीतही डोकावून या. तुमच्या आवारातलं पाणी तिथे जात असेल तर ते त्यांना आधीच माहीत असतं. नालीची दिशा बदलायला खर्च येतो तो काही हजारांचा असतो, आणि तो पावसाळ्याआधी केला तर दोन्ही बाजूंचा तळमजला कोरडा राहतो.